'राव' वगळून पूर्ण नाव

जाहीर सूचना. बालाघाट जिल्ह्यातील समस्त व्यापारी, शेतकरी, बचतगट आणि ओसरीवर बसून कंपनी काढण्याचे बेत करणारे जावईबापू यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ज्यांच्या घरचे विजेचे बिल अद्याप स्वर्गवासी आजोबांच्या नावे येत असेल, त्यांनी कंपनीच्या नोंदणीपूर्वी आजोबांची लेखी संमती घेऊन यावे. सही जुळली पाहिजे. अंगठा चालणार नाही.

ही सूचना मी एकदा खरोखरच टाइप करून ऑफिसच्या दारावर चिकटवली होती. दुपारपर्यंत तिघांनी ती उभं राहून वाचली आणि गुपचूप निघून गेले. चौथा आत आला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सायेब, आजोबा तं नाईत, पण आजी हाये. तिची चालंन का?" संध्याकाळी बायकोने सूचना काढायला लावली. म्हणाली, असली नाटकं करून पोट भरत असतं तर तुम्ही दंडारीतच राहिला असता.

दंडारीत मी होतो, हे खरं. तरुणपणी गावोगावी राजे झालो, दरोडेखोर झालो, एकदा नटी आजारी पडली म्हणून राणीही झालो. मग टाइपरायटर शिकलो, त्याचा कॉम्प्युटर झाला, आणि आता गेली कित्येक वर्षं मी मध्यप्रदेशात, बालाघाटला बसून लोकांच्या कंपन्या जन्माला घालतो. वकील नाही, सी.ए. नाही. मोठ्या सह्या करणारे साहेब नागपुरात आणि जबलपुरात असतात. त्यांच्यापर्यंत कागद धुऊन-पुसून नेणारा मी. सुईण म्हणा हवं तर. बाळ दुसऱ्याचं, पेढे दुसऱ्याचे, पण पहिलं रडणं आपण ऐकलेलं असतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कंपनी काढणं म्हणजे काही तरी मुंबईचं काम. तसं नाही. सरकारला फक्त चार गोष्टी हव्या असतात. एक, नाव, ते दुसऱ्या कुणाचं असता कामा नये. दोन, पत्ता, तिथे सरकारचं पत्र पोचलं पाहिजे. पत्त्यासाठी ताजं वीजबिल लागतं आणि बिल ज्याच्या नावावर त्याची ना-हरकत लागते. इथेच आजोबा येतात. आपल्याकडे वीज जिवंत माणसं जाळतात आणि बिल मेलेल्यांच्या नावावर येतं. तीन, कंपनी काय करणार ते लिहून द्यायचं. आणि चार, माणसं. ती खरी आहेत, तीच आहेत, आणि त्यांना हे सगळं ठाऊक आहे, याची खात्री. कंपनीची नोंद दिल्लीच्या सरकारची, पण मुद्रांक शुल्क आपल्या राज्याचं, शेतकरी असल्याचा दाखला आपल्या पटवाऱ्याचा, दुकानाचा गुमास्ता परवाना आपल्या गावचा. म्हणजे एका बाळाला दोन आज्या. दोघींचं समाधान झाल्याशिवाय बारसं नाही.

नावाची गंमत सांगतो. तिरोडीचे एक गृहस्थ खाणीसाठी लागणारं सामान पुरवायचे. त्यांना कंपनीचं नाव भारदस्त हवं होतं. 'महान' झालं, 'विराट' झालं, 'सम्राट' झालं. प्रत्येक नाव आधीच कुणी तरी घेतलेलं. शेवटी वैतागून त्यांनी तिन्ही पोरांची नावं एका ओळीत लिहून दिली: राजूसोनूपिंकी. ते एका दिवसात मंजूर झालं. अखंड भारतात दुसरा दावेदारच नव्हता. दोन वर्षांनी ते पुन्हा माझ्या दारात उभे. तोंड पडलेलं. "सायेब, घरी आखीन एक पोरगी झाली. आता बबलीले कुठं बसवू?"

हे झालं हसण्याचं. एक गोष्ट मात्र मी हसून सांगत नाही. बैहरकडची एक बाई मोहफुलांचे लाडू करायची. हाताला अशी चव, की फॉरेस्टचे साहेब लोक गाडी थांबवून न्यायचे. तिला कंपनी काढायची होती. तिच्या पॅन कार्डावर नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, दुरुस्तीला महिना लागला असता. मला घाई होती. मी म्हटलं, सध्या पुतण्याचं नाव टाका, नंतर बदलू. पुतण्याही फार नम्र होता, सारखा वाकून नमस्कार करायचा. नंतर कधी काही बदललं गेलं नाही. दीड-दोन वर्षांनी ती बाई एकटी ऑफिसात आली आणि म्हणाली, "भाऊ, त्या कंपनीत माह्यं नाव कुठं हाये थे दाखवा." मी कागद काढले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटले. तिचं नाव नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं. ती उठली, पाण्याचा ग्लास होता तसा ठेवला आणि बसस्टँडकडे निघून गेली.

तेव्हापासून 'सध्या दुसऱ्याचं टाकू' हे वाक्य माझ्या तोंडून निघालेलं नाही. लामत्याकडच्या बायका आल्या तेव्हा ते अगदी जिभेवर आलं होतं.

त्या दहा जणी होत्या. चिन्नोर पिकवायच्या. आमच्याकडचा हा तांदूळ शिजायला लागला की चार घरांना कळतं. पण त्यांचा माल मिलमध्ये जायचा, दुसऱ्या तांदळात मिसळायचा आणि कुणाच्या तरी भलत्याच नावाच्या पिशवीतून बाजारात यायचा. त्यांना स्वतःच्या नावाची पिशवी हवी होती. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी काढायला दहा सभासद लागतात आणि त्यातले पाच संचालक. बायकांनी माझ्यासमोरच पाच जणी निवडल्या. पहिलं नाव कौतिकाबाईंचं. साठीच्या पुढच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. दारोदार फिरून बाकीच्या नऊ जणींना गोळा केलं ते त्यांनीच. धान्य ठेवायला खोली त्यांची, कंपनीचा पत्ता त्यांच्या घरचा. वीजबिल पाहिलं तर ते त्यांच्या नवऱ्याच्या, चैतराम लांजेवारांच्या नावावर, आणि चैतराम चक्क जिवंत! मी ते बिल दोन्ही हातांनी कपाळाला लावलं. बायका खो-खो हसल्या.

कंपनीचं नाव त्यांनीच सुचवलं: घमघम महिला उत्पादक कंपनी. मंजूर झालं. आता नियम असा, की मंजूर नाव वीस दिवस राखून ठेवतात. तेवढ्यात सगळे कागद आणि सगळ्या संचालकांच्या डिजिटल सह्या गेल्या नाहीत, तर नाव सुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

डिजिटल सही म्हणजे पेन ड्राइव्हसारखी एक वस्तू असते, तिच्यात माणसाची सही कुलूपबंद असते. ती मिळवण्याआधी एक छोटा व्हिडिओ काढावा लागतो. मोबाइलवर लिंक येते. माणसाने कॅमेऱ्यात बघायचं, पॅन कार्ड दाखवायचं, स्वतःचं पूर्ण नाव उच्चारायचं आणि म्हणायचं, की ही सही मीच मागितली आहे. पंचवीस सेकंदांचं काम. चौघींचं एका सकाळी झालं. 'सुनीताबाई पटले' एवढं म्हटलं, की काम खलास. आमच्या मध्यप्रदेशात बाईच्या नावाला 'बाई' आणि आडनाव जोडलं की भागतं.

पण लांजेवारांचं घर पिढ्यांमागे भंडाऱ्याकडून आलेलं. तिकडची रीत त्यांनी इकडेही सोडली नव्हती: स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. आधारवर, पॅनवर, बँकेत, सगळीकडे लखलखीत लिहिलेलं: कौतिका चैतराम लांजेवार.

आणि तिकडची दुसरीही रीत त्यांनी सोडली नव्हती. बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नुसतं घ्यायचं नाही असं नाही, त्या आवाजाचा शब्दसुद्धा टाळायचा. चैत महिन्याला कौतिकाबाई 'फागुनाच्या पुढचा महिना' म्हणत. चैतात लग्न झालेल्या स्वतःच्या पोरीच्या लग्नाची तारीखही त्या तशीच सांगत.

त्यांच्या अंगणात मी मोबाइल धरला. "बोला बाई, पूर्ण नाव."

"मी कौतिका..." त्या थांबल्या. हनुवटीने गोठ्याकडे खूण केली. तिथे चैतराम म्हशीला वैरण टाकत होते. "...यायची, लांजेवार."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. नामंजूर. अर्जदाराने पूर्ण नाव सांगितले नाही.

मी पुन्हा गेलो. समजावलं. विनवलं. दंडारीतला राजाचा आवाज काढून हुकूम सोडला. कौतिकाबाई म्हणाल्या, "भाऊ, चाळीस वर्साच्या वर झाले. एक डाव नाई घेतलं. आता मोबाइलसाठी घेऊ का?"

तेव्हा सुनीताबाईंनी तोड काढली. "अवं, उखाण्यात घे ना! उखाण्यात तं चालते!"

बायकांमध्ये एकदम जान आली. अर्धा तास जुळवाजुळव झाली. मग कौतिकाबाई डोक्यावरचा पदर सारखा करून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"चिन्नोरच्या भाताचा घमघमाट दारी,
चैतरामरावांचं नाव घेते, सही करा जारी!"

नऊ जणींनी अशा टाळ्या पिटल्या, की कोंबड्या अंगण सोडून पळाल्या. मलाही भान राहिलं नाही, मीही 'वाहवा' म्हणून गेलो. ते 'वाहवा' व्हिडिओत अगदी स्वच्छ ऐकू येतं.

या वेळी नुसता निरोप आला नाही, फोनच आला. तपासणी करणारी मुलगी कुठल्या तरी दूरच्या शहरातून हिंदीत बोलत होती, फार अदबीने. "सर, मैडम ने बहुत अच्छा गाया। लेकिन डॉक्युमेंट में तो 'चैतराम' है, मैडम ने 'चैतरामराव' बोला। ये 'राव' कौन हैं, सर? इनकी भी सिग्नेचर बनवानी है?"

मी तिला 'राव' म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाली, सर, रिस्पेक्ट अच्छी बात है, पर नाम वही होना चाहिए जो कार्ड पर है। और पीछे ताली नहीं।

तिचं काही चुकलं नव्हतं. उद्या कुणी भलतीच बाई उभी करून सही उचलू नये, म्हणूनच तर हा नियम. पण तो निरोप गावात नेणं माझ्याच जिवावर आलं होतं. उखाण्यात राव लावून घेतलेलं नाव हा मान असतो. राव काढलं तर नुसतं 'चैतराम' उरतं. कौतिकाबाई ते ऐकून खालीच बसल्या. "नुसतं नाव? म्हंजे गडीमाणसाले हाक मारतेत तसं? माह्या तोंडून थे निंगणार नाई, भाऊ. जमतच नाई."

नाव राखून ठेवल्याला तेव्हा सतरा दिवस झाले होते.

आणि अठराव्या दिवशी सकाळी मनीराम अवतरले. हे चैतरामांचे धाकटे भाऊ, कौतिकाबाईंचे दीर. गावात कुठलंही सरकारी काम निघालं की हे आधी हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा, हातात पाकीट. पाकिटात त्यांचं आधार, पॅन, तीन फोटो आणि विचारायच्या आत काढून आणलेला शेतकरी असल्याचा दाखला.

"काहून तरास करता वयनीले?" ते मला म्हणाले. "माह्यं नाव टाका ना तिच्या जागी. घरातलाच मानूस. मी एका दमात बोलतो. बापाचं नाव, आजाचं नाव, म्हनसान थेवढे नाव घेतो."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसरी एखादी बाई उभी राहायला तयार होती का? मी विचारलंही. पण त्यांचं म्हणणं, खोली कौतिकाबाईच्या घरची, धान्याची किल्ली तिच्या घरची. ती नसेल तर मग तिच्या घरचंच कुणी तरी हवं. म्हणजे फिरून मनीरामच. आणि मनीराम एकदा आत शिरले की पिशवीवर नाव कोणतंही असो, तांदूळ कुठे जायचा हे तेच ठरवणार, हे त्या अंगणातल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं. त्या मिलवाल्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून कोण फिरायचं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"बोला सायेब," मनीराम म्हणाले आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहून भांग पाडू लागले.

मला बैहरच्या बाईने ठेवलेला तो ग्लास दिसला. मी मोबाइल खिशात टाकला. म्हटलं, "मनीरामजी, कंपनीच्या नावात 'महिला' आहे. तुमचा भांग छान पडलाय, पण आज नको."

"कायद्यात मानूस चालत नाई का?"

"चालतो."

"मंग?"

कायद्याने ते बरोबर होते. आयुष्यभर लोकांना कायदा समजावून सांगितला आणि नेमक्या त्या वेळी तोच माझ्या बाजूने बोलेना.

कौतिकाबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. पॅन कार्ड त्यांच्या हातात होतं. त्यांना अक्षर लागतं, पण सावकाश. कार्डावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

"भाऊ, यात माह्यं नाव कोठून कोठवर हाये? बोट ठेवून दाखवा."

मी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि शेवटच्या अक्षरापर्यंत सरकवत नेलं. "इथून इथवर, बाई. तिन्ही शब्द. हे सगळं मिळून तुमचं."

"मधलंबी माह्यंच?"

"मधलंही तुमचंच. खाली वडिलांचं वेगळं आहे. नवऱ्याचं वेगळं या कार्डावर कुठंच नाही."

त्यांनी स्वतःचं बोट तिन्ही शब्दांवरून एकदा सरकवत नेलं. मनीराम म्हणाले, "वयनी, ऊन चढून राह्यलं. मी बोलून टाकतो."

"तू थांब," कौतिकाबाई म्हणाल्या. उठल्या. पदर नीट केला. "हे माह्यं नाव हाये, मनीराम. तुह्या भावाचं त्यायच्यापाशी हाये, थे मी कुठं मांगून राह्यली? सरक तिकडं."

मनीराम सरकले. सुनीताबाईंनी सगळ्यांना ओठांवर बोट ठेवायला लावलं, मलाही. एकीने कोंबड्या हाकलल्या. गोठ्यात वैरणीचा आवाज थांबला होता, म्हणजे चैतराम तिथेच होते, भिंतीआड.

इथे मी आधी पुढचं सांगून टाकतो. तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी मंजूर झाला. सही आली. विसाव्या दिवशी दुपारी अर्ज गेला. एक त्रुटी निघाली, तीही माझ्याच टायपिंगची; ती दुरुस्त केली आणि कंपनी झाली. पाच संचालिका, पहिलं नाव कौतिकाबाईंचं. मनीराम तांदूळ वाहायच्या टेम्पोचा भाव ठरवायला मात्र येतात, आणि त्यात हुशार आहेत, हे मान्य केलं पाहिजे. पिशवी निघाली आहे. मी घरी तोच भात खातो. बायको म्हणते, तुमच्या सगळ्या नाटकांतून एवढं एकच खाण्यासारखं निघालं.

पण मला जे सांगायचं आहे ते त्या अंगणातलं. मी मोबाइल धरला. कौतिकाबाईंनी पॅन कार्ड हनुवटीखाली धरलं. मग कॅमेऱ्यात सरळ बघून, कुठेही न अडखळता, गाण्यात नाही, उखाण्यात नाही, पाटीवर लिहिल्यासारखं एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "माझं नाव कौतिका चैतराम लांजेवार. ही सही मीच मागितली आहे."

मी पंचवीस सेकंद पूर्ण होऊ दिले. बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली. बायकांनी ओठांवरची बोटं अजून काढली नव्हती. कौतिकाबाई कार्ड पदराच्या गाठीत बांधत होत्या आणि गाठ काही केल्या बसत नव्हती.

तेवढ्यात गोठ्याच्या भिंतीआडून चैतराम मोठ्याने बोलले:

"बराबर आइकू नाई आलं वं, आखीन एक डाव घे!"